यू-ड्रिलची रचना: २५ मिलिमीटरच्या ड्रिलचा आराखडा टप्प्याटप्प्याने

ज्या ड्रिलच्या तोंडावर कार्बाइडचे बदलता येणारे इन्सर्ट (कापणारे छोटे तुकडे) स्क्रूने बसवलेले असतात, त्याला आपल्याकडच्या मशीन शॉपमध्ये सरसकट यू-ड्रिल म्हणतात. साधारण १२-१३ मिमीपासून ६० मिमी आणि त्याहून मोठ्या व्यासापर्यंतची भोके पायलट (आधीचे छोटे भोक) न मारता, एकाच फटक्यात पाडण्यासाठी ते वापरले जाते. प्रमाणित व्यासाचे ड्रिल कॅटलॉगमधून सहज मिळते आणि तिथे स्वतः रचना करण्यात अर्थ नाही. मात्र वेगळा व्यास, भोकाच्या तोंडाशी चॅम्फर (तिरकी कड), मध्येच मोठी होणारी पायरी किंवा नेहमीपेक्षा जास्त लांबी हवी असली की खास ड्रिल बनवून घ्यावे लागते. चाकण, भोसरी, शिरोली अशा पट्ट्यांतल्या वाहन-सुट्या-भागांच्या कारखान्यांत अशी ड्रिले रोज लागतात. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये शँक (मशीनमध्ये धरायचा मागचा दांडा), लांबी आणि व्यास काटेकोर दिलेले असतात, पण दोन इन्सर्ट नेमके कुठे आणि किती कलते बसवायचे याचा विचार बऱ्याचदा जुन्या ड्रिलची नक्कल करण्यापुरताच झालेला असतो. माझ्या मते ड्रिलचे यश-अपयश ठरते ते तिथेच, म्हणून या लेखात त्या भागावर सर्वाधिक भर दिला आहे.

उदाहरण म्हणून २५ मिमी व्यासाचे, व्यासाच्या तिप्पट म्हणजे ७५ मिमी खोल भोक पाडणारे ड्रिल घेऊ. जॉबचे, म्हणजे ज्यात भोक पाडायचे त्या तुकड्याचे, मटेरियल एन-८, म्हणजे ४५सी८ हे मध्यम कार्बनचे पोलाद.

आधी भार काढा

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी ड्रिलवर किती बळ येणार हे माहीत हवे. कटिंग स्पीड १५० मीटर प्रतिमिनिट धरला, तर २५ मिमी व्यासाला सुमारे १९१० आरपीएम येतात. या ड्रिलला इन्सर्ट दोन असले तरी त्रिज्येचा कोणताही एक बिंदू एकच इन्सर्ट कापतो. म्हणून फीडच्या (एका फेऱ्यात ड्रिल किती पुढे जाते त्याच्या) हिशेबात धार एकच धरायची. ट्विस्ट ड्रिलची सवय असलेला माणूस नेमका इथे चुकतो आणि फीड दुप्पट धरून बसतो. प्रतिफेरा ०.१ मिमी फीड घेतला तर टेबल फीड सुमारे १९० मिमी प्रतिमिनिट होतो.

या पोलादाला इतक्या पातळ चिपसाठी सुमारे २६०० न्यूटन प्रति चौरस मिमी इतका विशिष्ट कर्तनरोध (चिपच्या छेदाच्या दर चौरस मिमीमागे लागणारे बळ) धरता येतो. त्यावरून कापण्यास लागणारी शक्ती सुमारे ४ किलोवॉट, टॉर्क सुमारे २० न्यूटन-मीटर आणि अक्षीय रेटा सुमारे १६०० न्यूटन निघतो. स्पिंडलपर्यंत पोहोचताना होणारी घट धरली, तर मोटरकडे ५ किलोवॉटच्या वर क्षमता शिल्लक हवी. छोट्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) मोठ्या व्यासाचे यू-ड्रिल अडखळते ते बहुतेक वेळा यामुळेच.

त्रिज्येची वाटणी

साडेबारा मिमीची त्रिज्या दोन इन्सर्टमध्ये वाटून द्यायची आहे. मधला इन्सर्ट अक्षापासून साधारण निम्म्यापर्यंत कापतो आणि बाहेरचा तिथून पुढे व्यासापर्यंत. दोघांच्या वाट्याला येणारे काम मात्र अगदी वेगळे आहे. बाहेरच्या इन्सर्टचा कोपरा पूर्ण १५० मीटरच्या गतीने फिरतो, तर अक्षावर गती शून्य असते. त्यामुळे बाहेर उष्णतेने झीज होते, आणि आत धातू कापला जाण्याऐवजी चिरडला जात असल्याने धार तुटण्याची भीती असते. बाहेर झीज सोसणारा, पी२५ च्या आसपासचा (पोलादासाठीच्या पी वर्गात आकडा जितका मोठा, तितका ग्रेड चिवट) सीव्हीडी कोटिंगचा ग्रेड आणि आत चिवट, पी३५ ते पी४० मधला पीव्हीडी कोटिंगचा ग्रेड अशी विभागणी म्हणूनच रूढ आहे. दोन्हीकडे एकच ग्रेड वापरल्याने स्टोअरचे काम सोपे होते, पण एक इन्सर्ट नेहमी वेळेआधी जातो.

आकारासाठी दोन सोपे पर्याय आहेत. डब्ल्यूसीएमएक्स हा तीन धारांचा, ७ अंश क्लिअरन्सचा (धारेमागची पाठ जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार) ट्रायगॉन इन्सर्ट आणि एसपीएमजी हा चार धारांचा, ११ अंश क्लिअरन्सचा चौकोनी इन्सर्ट. ही अक्षरे आयएसओ १८३२ च्या पद्धतीनुसार आहेत. आपण एसपीएमजी ०७टी३०८ घेऊ. त्याची बाजू ७.९४ मिमी आणि कोपऱ्याची त्रिज्या ०.८ मिमी आहे. दोन्ही कोपरे वजा केले की सरळ धार ६.३४ मिमी उरते.

मधला इन्सर्ट असा ठेवू की त्याचा आतला कोपरा अक्षाच्या ०.४ मिमी पलीकडे जाईल. त्याची सरळ धार मग ०.४ मिमी त्रिज्येपासून ६.७४ मिमीपर्यंत पोहोचते. बाहेरच्या इन्सर्टचा कोपरा १२.५ मिमीवर असल्याने त्याची सरळ धार ११.७ पासून ५.३६ मिमीपर्यंत येते. दोघांमध्ये सुमारे १.४ मिमीचा सामाईक भाग राहतो आणि हवाली होण्याची जागा, म्हणजे मधल्या इन्सर्टकडून काम बाहेरच्याकडे जाते ती त्रिज्या, आपण ६.४ मिमीवर ठरवू शकतो. हाच इन्सर्ट वापरून व्यास वाढवत गेल्यास सामाईक भाग कमी होत जातो. किमान ०.३ मिमी तरी ठेवायचा म्हटले तर २७ मिमीच्या आसपास मर्यादा येते आणि पुढे मोठा इन्सर्ट घ्यावा लागतो.

अक्षापलीकडे गेलेल्या भागाबद्दल एक सूचना. तिथे धारेची गती उलटी असते, म्हणजे धातू पाठीमागून येऊन धडकतो. तो भाग जॉबला लागताच कामा नये. म्हणून मधल्या इन्सर्टचा सर्वांत पुढे आलेला बिंदू अक्षाच्या कापत्या बाजूला हवा आणि अक्ष ओलांडताच कोपऱ्याच्या गोलाईने धार मागे हटायला हवी. कोपरा अक्षाच्या खूप पलीकडे नेणे हे सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात त्यानेच धार उडते.

कल आणि बळांचा तोल

चौकोनी इन्सर्ट बाहेर बसवताना त्याची बाजूची कड भोकाच्या भिंतीला घासू नये, यासाठी तो थोडा कलता ठेवावाच लागतो. हा कल अशाच दिशेने हवा की धारेचे आतले टोक पुढे आणि बाहेरचा कोपरा किंचित मागे राहील. उलट कल दिला तर इन्सर्टची मागची बाजू भिंतीत घुसेल. बाहेरच्या इन्सर्टला ३ अंशांचा कल घेऊ.

मधल्या इन्सर्टलाही त्याच दिशेने कल द्यायचा, पण बाहेरच्यापेक्षा जास्त. दोघांचा कल समान ठेवला तर दोन्ही धारा समांतर राहतात आणि हवाली होण्याची जागा कोपऱ्याच्या गोलाईवर जाऊन पडते. आतला कल जास्त असेल तर दोन रेषा ६.४ मिमीवर स्वच्छ छेदतात. तिथून आत मधला इन्सर्ट पुढे असतो, बाहेर दुसरा.

नेमका किती कल, हे त्रिज्येच्या दिशेतली बळे ठरवतात. कलत्या धारेवर येणाऱ्या रेट्याचा एक घटक ड्रिलला अक्षाकडे ढकलतो. मधला इन्सर्ट एका बाजूने ढकलतो, बाहेरचा विरुद्ध बाजूने. आपल्या फीडला धारेच्या दर मिमीवर सुमारे १३० न्यूटन रेटा येतो असे धरू. बाहेरच्या इन्सर्टची सुमारे ५.३ मिमी सरळ धार ३ अंशांनी कलती असल्यामुळे ३६ न्यूटनच्या आसपास आडवे बळ देते. पण त्याच्या कोपऱ्याची ०.८ मिमीची गोलाई एकटीच आणखी ५२ न्यूटन देते. हा कोपरा विसरणे ही नक्कल करणाऱ्यांची नेहमीची चूक आहे. एकूण ८८ न्यूटन झाले. मधल्या इन्सर्टला ५ अंशांचा कल दिला, तर त्याच्या ६ मिमी धारेतून फक्त ६८ न्यूटन मिळतात. २० न्यूटनची तूट राहते आणि ड्रिल बाहेरच्या इन्सर्टपासून दूर, आतल्या बाजूला सरकते. भोक लहान पडते आणि ड्रिलची पाठ (बाहेरच्या इन्सर्टच्या विरुद्ध बाजू) भिंतीला घासते. कल ७ अंश केला तर आतून ९५ न्यूटन येतात आणि शिल्लक बळ ७ न्यूटन, पण बाहेरच्या इन्सर्टच्या दिशेने राहते.

ही शिल्लक शून्य करण्याचा हट्ट धरू नये. ती थोडी आणि नेहमी बाहेरच्या इन्सर्टकडे असावी. मग भोक व्यासापेक्षा किंचित मोठे पडते, ड्रिलची पाठ मोकळी राहते आणि ड्रिल बाहेर काढताना भिंतीवर ओरखडा येत नाही. हे गणित ढोबळ आहे, कारण चिपब्रेकरचा आकार आणि धारेची झीज यांनी आकडे हलतात. तरी कोणत्या बाजूने किती फरक करायचा हे त्यावरून कळते.

स्पर्शरेषेच्या दिशेतली बळेही पाहावी लागतात. इन्सर्ट १८० अंशांवर समोरासमोर असले तर ती एकमेकांच्या विरुद्ध असतात. मधला ६.४ मिमी आणि बाहेरचा ६.१ मिमी रुंद चिप कापतो, त्यामुळे सुमारे ८० न्यूटनचा फरक उरतो. या बळाने व्यासात फारसा बदल होत नाही, पण मधल्या धारेची अक्षापासूनची उंची हलते. हवाली होण्याची जागा ६.२५ मिमीकडे सरकवून हा फरक कमी करता येतो.

७ अंश कलामुळे मधल्या इन्सर्टचे टोक हवाली होण्याच्या जागेपेक्षा सुमारे ०.७४ मिमी पुढे येते. भोक सुरू होताना पहिल्या सात-आठ फेऱ्यांत एकटा मधला इन्सर्टच कापत असतो आणि तोल साधलेला नसतो. म्हणून सुरुवातीचे दीड-दोन मिमी निम्म्या फीडने जावे. आतला कल ७ च्या फार पुढे नेऊ नये तेही याच कारणाने.

मधल्या धारेची उंची

माझ्या दृष्टीने संपूर्ण ड्रिलमधला सर्वांत नाजूक आकडा हा आहे. मधली धार अक्षाच्या बरोबर उंचीवर नसावी, किंचित खाली असावी, म्हणजे अक्ष इन्सर्टच्या रेक फेसच्या (चिप ज्यावरून सरकते त्या बाजूच्या) समोर यावा. असे केले की अक्षावर सुईसारखा बारीक कोअर उरतो आणि तो रेक फेसला लागून तुटत राहतो. धार अक्षाच्या वर गेली तर अक्ष इन्सर्टच्या पाठीखाली येतो, फीडबरोबर पाठ धातूवर दाबली जाते आणि इन्सर्ट मधूनच फुटतो.

किती खाली, याचेही कारण आहे. धारेचा प्रत्येक बिंदू फीडमुळे उतरत्या मार्गाने जातो आणि हा उतार अक्षाजवळ वाढत जातो. फीड ०.१२ असेल तर १ मिमी त्रिज्येवर उतार सुमारे १ अंश, ०.३ मिमीवर साडेतीन अंश आणि ०.१ मिमीवर जवळपास ११ अंश असतो. उतार क्लिअरन्सच्या कोनाइतका झाला की पाठ घासू लागते. सात अंश क्लिअरन्सला ही सीमा सुमारे ०.१५ मिमी त्रिज्येवर येते, अकरा अंशाला ०.१ मिमीवर. म्हणजे जिथे इन्सर्ट मुळात कापूच शकत नाही, तेवढाच गाभा आपण कोअर म्हणून सोडून देतो. धार ०.१ ते ०.२ मिमी खाली ठेवल्यास ०.२ ते ०.४ मिमी व्यासाचा कोअर राहतो. कोअर त्याहून बराच जाड झाला तर तो सहज तुटत नाही आणि इन्सर्टलाच आडवा येतो.

पॉकेट आणि स्क्रू

पॉकेट म्हणजे बॉडीतली इन्सर्ट बसण्याची खाच. तिथे इन्सर्टला एक तळ आणि दोन भिंती मिळाल्या पाहिजेत. दोन भिंतींच्या कोपऱ्यात रिलीफ द्यावा, म्हणजे इन्सर्टचा न वापरलेला कोपरा कुठेही टेकत नाही आणि पुढच्या वेळी फिरवताना शाबूत मिळतो. तळ आणि भिंत जुळतात तिथेही अंडरकट हवा. एसपीएमजीच्या बाजू ११ अंशांनी तिरक्या असल्याने भिंतीही त्याच कोनात हव्यात. सरळ भिंतीवर इन्सर्ट फक्त वरच्या कडेला टेकतो आणि हलतो.

बॉडीतल्या टॅपचे केंद्र इन्सर्टच्या भोकाच्या केंद्रापेक्षा दोन्ही भिंतींकडे ०.०५ ते ०.१ मिमी सरकवलेले असावे. स्क्रू आवळताना तो इन्सर्टला कोपऱ्यात ओढून बसवतो. स्क्रू एम२.५ चा, सुमारे १.२ न्यूटन-मीटरने आवळायचा. हाताच्या अंदाजापेक्षा टॉर्कची चावी वापरावी.

या जातीच्या इन्सर्टची स्वतःची मापे मोल्डिंगनंतर ±०.०५ मिमीच्या आसपास फिरतात. पॉकेट कितीही अचूक केले तरी इन्सर्ट फिरवल्यावर व्यास थोडा बदलणारच. तीन डी (व्यासाच्या तिप्पट खोलीच्या) ड्रिलकडून व्यासात दोन-अडीच दशांश मिमीच्या मर्यादेची अपेक्षा ठेवावी आणि एच७ (भोकाच्या मापाची काटेकोर मर्यादा) हवे असेल तर बोअरिंग किंवा रीमिंगसाठी माल सोडावा.

बॉडी, फ्ल्यूट आणि कूलंट

बॉडी एन-२४ सारख्या मिश्र पोलादाची, ४० एचआरसीच्या (रॉकवेल कठीणपणाचे माप) आसपास कठीण केलेली, चालते. वरून निकेल प्लेटिंग किंवा नायट्रायडिंग केल्यास चिपचे घासणे सोसले जाते. बॉडीचा व्यास २४.५ मिमी ठेवावा, म्हणजे भिंतीपासून सर्वत्र पाव मिमी मोकळीक राहील.

फ्ल्यूट (चिप बाहेर नेणाऱ्या खोबणी) दोन असतात, पण त्या सारख्या असण्याची गरज नाही. मधल्या इन्सर्टची चिप शंकूसारखी वळते, कारण तिच्या दोन कडांची गती वेगळी असते, तर बाहेरची चिप टर्निंगच्या चिपसारखी स्वल्पविरामाच्या आकाराची तुटते. आतल्या चिपला तोंडाशी जास्त जागा लागते, म्हणून मधल्या इन्सर्टसमोरची फ्ल्यूट सुरुवातीला थोडी रुंद ठेवून मागे नेहमीच्या रुंदीवर आणणे योग्य. जागा वाढवताना गाभा किती उरतो याकडे लक्ष हवे. फ्ल्यूटमुळे आडवी ताठरता निम्मी राहते असे धरले, तर ८५ मिमी बाहेर आलेल्या या ड्रिलचे टोक १०० न्यूटनच्या आडव्या बळाने सुमारे ०.०११ मिमी वाकते. पाच डीसाठी तीच बॉडी १३५ मिमी बाहेर काढली तर ०.०४४ मिमी, म्हणजे चौपट. तीन डीला चालून गेलेला तोल पाच डीला चालत नाही तो यामुळे. लांब ड्रिलसाठी कल नव्याने मोजावेत आणि फ्ल्यूट अरुंद कराव्यात.

कूलंट बॉडीतूनच यायला हवे. ४ मिमीची दोन छिद्रे आणि मिनिटाला २० लिटर प्रवाह धरला, तर छिद्रातला वेग सेकंदाला १३ मीटरच्या घरात येतो. मशीनवर किमान ८-१० बार दाब असावा. छिद्राचे तोंड इन्सर्टच्या धारेवर नव्हे, तर चिप फ्ल्यूटमध्ये वळते त्या जागेकडे रोखलेले असावे, कारण पाण्याचे मुख्य काम चिप मागे ढकलण्याचे आहे. छिद्र आणि फ्ल्यूट यांच्यामधली भिंत पातळ होत नाही ना, हे प्रत्येक छेदात तपासावे. पोलादात हे ड्रिल कोरडे चालवू नये.

शँकसाठी आयएसओ ९७६६ प्रमाणे समांतर फ्लॅट असलेली गोल शँक घ्यावी. या व्यासाला ३२ मिमीची शँक शोभते. कॉलर होल्डरच्या तोंडावर पूर्ण टेकली पाहिजे आणि स्क्रू फ्लॅटवर घट्ट बसला पाहिजे. ईआर कॉलेटमध्ये असे ड्रिल धरू नये.

लेथवर वापर होणार असेल तर

लेथवर ड्रिल स्थिर आणि जॉब फिरता असतो, त्यामुळे टरेटचा (लेथवर हत्यारे धरणाऱ्या फिरत्या भागाचा) थोडासा चुकलेला सेंटरही मधल्या धारेची उंची बदलतो. आपण कष्टाने ठरवलेले ०.१५ मिमी टरेटच्या तेवढ्याच चुकीने पूर्ण संपते. म्हणून बॉडीवर बाहेरच्या इन्सर्टच्या दिशेची खूण कोरून घ्यावी आणि तो इन्सर्ट एक्स अक्षाला (टरेट व्यासाच्या दिशेने सरकतो त्या अक्षाला) समांतर येईल असाच शँकचा फ्लॅट ठेवावा. मग एक्समध्ये थोडे सरकवून व्यास जुळवता येतो आणि उंची बदलत नाही. टरेटच्या उंचीची चूक मात्र एक्सने सुधारत नाही, ती सेंटर पाहूनच काढावी लागते.

आरपार भोक असेल तर शेवटी एक चकती सुटते. फिरत्या जॉबमधून ती गोफणीतल्या दगडाच्या वेगाने बाहेर फेकली जाते, म्हणून चकच्या मागे आणि दारावर पक्के संरक्षण असल्याशिवाय आरपार भोक पाडू नये. व्हीएमसीवर जॉब स्थिर असल्याने हा धोका खूपच कमी असतो.

पहिली चाचणी कशी वाचावी

पहिल्या भोकासाठी सपाट तोंडाचा, घट्ट धरलेला जॉब घ्यावा आणि १०-१५ मिमी खोल जाऊन थांबावे. तळाच्या मध्यभागी कोअरचा ठसा पाहावा. केसाएवढी टोकदार खूण असेल तर उंची बरोबर आहे. खूण अजिबात नसून मध्य चकचकीत दाबलेला दिसला तर धार वर गेली आहे आणि पुढचे भोक पाडण्यापूर्वी ती उतरवलीच पाहिजे. तळावर ६.४ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाची बारीक कड दिसते, ती हवाली होण्याची जागा. कड आत-बाहेर सरकली असेल तर एखादा इन्सर्ट पॉकेटमध्ये पूर्ण बसलेला नाही.

त्यानंतर पूर्ण खोलीचे भोक पाडून तोंडाशी, मध्ये आणि तळाशी व्यास मोजावा. तोंडाशी मोठा आणि खाली बरोबर असेल तर दोष प्रवेशाचा आहे, सुरुवातीचा फीड उतरवून पाहावा. सर्वत्र लहान असेल आणि भिंतीवर सरळ किंवा मळसूत्री ओरखडा असेल, तर आडवे बळ चुकीच्या बाजूला उरले आहे. अशा वेळी मधल्या पॉकेटचा कल अर्ध्या अंशाने वाढवावा. बाहेरच्या इन्सर्टचा कल कमी करण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण त्याने बाजूची मोकळीक जाते. चिप लांब दोऱ्यासारख्या येऊन बॉडीभोवती गुंडाळत असतील तर एन-८ सारख्या पोलादात फीड ०.१२ पर्यंत वाढवावा. मऊ, कमी कार्बनच्या पोलादात मात्र फीड कमी ठेवून स्पीड वाढवल्यास चिप तुटू लागते. हे सर्व बदल एका वेळी एकच करावेत, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही इन्सर्ट भिंगाखाली पाहून कोणत्या धारेवर काय झाले ते ड्रॉइंगच्याच कोपऱ्यात तारखेसह लिहावे, म्हणजे पुढच्या व्यासाचे ड्रिल काढताना कल आणि उंचीचे आकडे तिथून उचलता येतात.